अप्पांचं वाचणारं ॲप

नजर अधू झाल्यावर अप्पांनी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवणारं ॲप फोनवर घेतलं. त्याचे दरवर्षी पैसे भरावे लागत. मुलगा प्रोग्रामर असताना हा खर्च मला खुपला. "असलं मी सुट्टीत करून देतो," म्हणालो आणि करूनही दिलं. माझं ॲप कन्नड आणि मराठी दोन्ही वाचायचं.

कुठे अडलं की मी नोकरीला होतो त्या तारिहाळच्या कारखान्यात अप्पा मला फोन करायचे. "रविवारी बघतो," मी म्हणायचो. हळूहळू फोन थांबले. सगळं सुरळीत चाललंय असं मी समजलो.

एका सकाळी त्यांच्या खोलीतून पहिल्या ॲपचा आवाज आला. त्यांनी पैसे भरून ते परत घेतलं होतं.

"माझ्यात काय कमी होतं, अप्पा?"

"काही नाही रे. तिथं हक्कानं तक्रार करता येते. तुझ्याकडे दर वेळी तोंड वेंगाडल्यासारखं वाटतं."

त्या दिवशी कामात लक्ष लागेना. ते ॲप करायला किती सोपं, एवढंच मी पाहिलं होतं आणि तेवढीच त्याची किंमत धरली होती. संध्याकाळी काहीतरी बोलावं म्हणून अप्पांच्या दारापर्यंत गेलो आणि परतलो. पुन्हा गेलो. आत बातम्या न अडखळता वाचल्या जात होत्या.