भाटकरांची बसकी गाडी

आमच्या आळीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. शांताराम भाटकर त्याच्या अलीकडे गाडी थांबवायचे आणि शेजारी बसलेल्या बायकोला खाली उतरवायचे. मग गाडी तिरकी करून, एकेक चाक जपत तो पार करायचे. पलीकडे थांबून सुमनवहिनी चालत आल्या की त्यांना परत आत घ्यायचे. वहिनींचे गुडघे दुखरे, त्यामुळे या सोहळ्याला वेळ लागे आणि मागे रिक्षांची रांग लागे. एकदा एका रिक्षावाल्याने वहिनींना अगदी आपुलकीने विचारलं, की काकी, घर समोर दिसतंय, तर परत बसता कशाला?

भाटकर माझे शेजारी. आता ते पनवेलला मुलाकडे असतात. उभी हयात बोटीवर, इंजिनरूममध्ये काढलेली. या माणसाने जगातली बंदरं पाहिली आणि प्रत्येक बंदरातून आठवण म्हणून फक्त गाड्या आणल्या, त्याही डोळ्यांत साठवून. निवृत्त होऊन रत्नागिरीला आले तेव्हा आळीत वळेल एवढीच छोटी गाडी घेता आली. ती जेमतेम महिनाभर बरी होती. मग मिरजोळ्याच्या बाजूला गाड्या सजवणारं एक दुकान त्यांना सापडलं आणि गाडीचे दिवस फिरले.

आधी चाकं बदलली. कंपनीची चाकं लांज्याला शेअर गाडी चालवणाऱ्या एका वडापवाल्याला देऊन टाकली आणि त्या जागी चकचकीत, रुंद अलॉय चाकं आली. त्यांवर टायरची फक्त एक पातळ पट्टी. मी म्हटलं, भाऊ, जुनी काय वाईट होती? तर म्हणाले, "बाई, कंपनीची चाकं म्हणजे रेशनचा तांदूळ. पोट भरतं, पण पावण्याच्या पानात वाढवत नाय." त्यानंतर पुढे बंपरखाली ओठ, बाजूंना झालर आणि मागे डिकीवर पंख. पंखाचा उपयोग काय, तर वेगात गाडी रस्ता सोडून उडू नये. जयस्तंभापासून मारुती मंदिरापर्यंत कोणती गाडी उडते ते मला आजवर कळलेलं नाही. सुमनवहिनींना मात्र उपयोग लगेच कळला. पंख उन्हात, उंचावर आणि चांगला सपाट होता, म्हणून त्यांनी त्यावर आमसुलं वाळत घातली. पांढऱ्या रंगावर लाल ओघळ आले आणि भाटकर दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

गाडीत मासळी आणायला बंदी होती. मिरकरवाड्याला जाऊन सुरमई पारखून घ्यायचे, पण ती घरी यायची रिक्षातून. पुढे रिक्षात सुरमई आणि मागे गाडीत भाटकर, अशी वरात मी कितीदा पाहिली आहे.

पण खरा कळस झाला तो गाडी खाली बसवली तेव्हा. दुकानदाराने स्प्रिंगा कापल्या आणि गाडी रस्त्याला टेकायच्या बेतात आली. मी कपाळाला हात लावला, तर भाटकरांनी मला समजावलं, "बोट भरलेली असली की पाण्यात खाली बसते. उंच तरंगताना दिसली की समजायचं, आत काय नाय." मी म्हटलं, अहो, बोट माल भरल्याने खाली बसते, तुमच्या गाडीत तर माणूस शिरायची मारामार. कारण तोवर पुढे शर्यतीच्या गाडीसारख्या खोलगट खुर्च्या आल्या होत्या, दोन्ही बाजूंनी भिंती उभारलेल्या. वहिनी आत बसायच्या म्हणजे पडायच्या, आणि बाहेर यायला दुसरं माणूस लागायचं. दारात हॉर्न वाजला की मी हातातलं काम टाकून जात असे. एक हात मी ओढायचा, एक भाटकरांनी.

या सगळ्या थट्टेत एक गोष्ट मात्र थट्टेची नव्हती. वहिनींची आई राजापूरच्या वर एका वाडीत मुलाकडे राहायची. वय झालेलं, एसटीचा प्रवास झेपत नव्हता, त्यामुळे लेकीचं रत्नागिरीतलं घर तिने कधी पाहिलंच नव्हतं. दर बंदरातून फोन करताना भाटकर म्हणायचे, की रिटायर झालो की गाडी घेतो आणि आईला महिनाभर इकडे आणतो. त्या शब्दावर वहिनींनी एकटीने मुलगा वाढवला, सासू-सासऱ्यांचं केलं. गाडी आली. पण आधी चाकं व्हायची होती, मग रंग, मग खुर्च्या, आणि ते सगळं झाल्यावर वाडीचा रस्ता गाडीच्या लायकीचा राहिला नव्हता. वहिनी दर महिन्याला विचारायच्या. भाटकर म्हणायचे, "सोडतंय काय मी तुझ्या आयशीला? जरा थांब गो."

शेवटी मे महिन्यात आम्ही निघालो. मला नेलं ते वहिनींना बाहेर ओढायला. राजापूर सोडून वर चढलो आणि डांबर संपलं तिथे भाटकरांनी गाडी थांबवली. पुढे जांभ्या दगडाचा उतार होता, साधी रिक्षा खडखडत जाईल असा. खाली उतरून त्यांनी ओणवून पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग मी आणि वहिनी चालत वाडीत गेलो. भाटकर गाडीजवळ थांबले, कोणी गुरं आणून घासायला नको म्हणून.

आई तयार होऊन ओटीवर बसली होती. धुवट लुगडं नेसलेली, मांडीवर कपड्यांचं गाठोडं. वहिनींच्या भावाने आणि शेजारच्या एकाने तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून वर रस्त्यावर आणलं. घाम पुसत त्यांनी खुर्ची गाडीच्या दाराशी ठेवली.

म्हातारीला बसवायचे आम्ही दोनदा प्रयत्न केले. तिची कंबर एवढी वाकत नव्हती आणि खुर्चीची ती भिंत ओलांडून पाय आत जात नव्हता. मागच्या सीटचं तर दारच अरुंद. दुसऱ्यांदा ती कळवळली तेव्हा वहिनींनीच हात सोडला. भाटकर सीट मागे सरकवायला गेले. ती सरकेना, मागे गाण्यांचं भलंथोरलं खोकं बसवलेलं होतं.

म्हातारीने सगळं शांतपणे पाहिलं. म्हणाली, "जावयबापू, गाडी देखणी हाय. वाईट वाटून घेऊ नका. माझ्यासारखीसाठी नाय ती." आणि मुलाला म्हणाली, उचल, घरी चल. गाठोडं तिने सोडलं नव्हतं, ते तसंच मांडीवर घेऊन ती परत उतारावरून गेली. मला तेव्हा भाटकरांचा इतका राग आला की मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. परतीच्या वाटेवर भाटकर म्हणाले, "खाली काय घासलं काय गो मघाशी?"

त्या दिवसानंतर वहिनी गाडीत बसल्याच नाहीत. बाजाराला रिक्षाने जायच्या, आणि रिक्षातून आपल्या आपण उतरायच्या.

भाटकरांच्या डोक्यात प्रकाश पडायला पावसाळा उजाडला. मग मात्र ते झपाटल्यासारखे उलटे कामाला लागले. स्प्रिंगा नव्या, खुर्च्या साध्या. लांज्याचा वडापवाला चाकं परत देईना, तेव्हा तसली दुसरी शोधत फिरले. पंख काढला, खोकं काढलं. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक भ्रमिष्ट झालं. वहिनींना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही, गाडी एकदम दारात आणून दाखवायची होती. श्रावणात राजापूरहून फोन आला तेव्हा गाडी जॅकवर उभी होती, चारही चाकांविना. आई गेली होती. नवराबायको एसटीने गेले.

दिवस-कार्य उरकून ते परतले आणि आठवड्याने गाडी आली. अगदी कंपनीने दिली होती तशी, चारचौघींसारखी. मी वहिनींच्या ओटीवर तांदूळ निवडत होते, त्या शेजारी बसल्या होत्या. भाटकरांनी दार उघडून धरलं. एवढी वर्षं बघतेय, पण त्यांचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता. म्हणाले, "सुमन, बस. बघ, आता बसता येतं. सांगशील तिथं सोडतो."

वहिनींनी गाडीकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागावल्या नाहीत. सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "लावा परत ती चाकं. आता तुम्हाला कुणाची अडचण नाय."