भरलेली गाडी कण्हते

लातूर नवा नवा जिल्हा झाला होता आणि लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. मी तेव्हा पाण्याचं कंत्राट घेतलेल्या उदगीरच्या एका गुत्तेदाराच्या जीपवर डायव्हर होतो. जीप म्हणायचं आपलं. मिलिटरीच्या लिलावातली, चारही चाकं ओढणारी गाडी, पण तिच्यात मूळचं फारसं काही उरलं नव्हतं. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं, मागची सीटं कापून पाण्याची टाकी वेल्ड केलेली आणि टाकीचं वजन पेलावं म्हणून चाकांवरच्या स्प्रिंगांच्या कमानींत ट्रकचे पाटे वाढवलेले. त्यामुळं रिकामी असली की बूड वर करून चालायची. गुत्तेदार तिला रणगाडा म्हणायचा. मी म्हणायचो, हिचं एक हाड दुसऱ्या हाडाला ओळखत नाही.

तिचं काम एकच. आमच्या गावात सरकारी टँकर खालच्या विहिरीत पाणी सोडायचा. आमची बौद्ध वस्ती माळावर, दगडाधोंड्यांचा चढ चढून. तिथं ट्रक चढत नव्हता, म्हणून उदगीरहून टाकी भरून जीप चढायची. धम्म घेतल्यावर आमच्या लोकांनी वर स्वतःच्या हातानं आड खोदला होता, तोही त्या साली आटला. खालच्या विहिरीवर जायला आम्हाला कुणी अडवत नव्हतं. फक्त म्हणायचे, घागर धरा, आम्ही घालतो. म्हणजे वरून, हातभर उंचीवरून, भांड्याला भांडं लागू न देता. माझ्या आईनं लहानपणी तसं पाणी घेतलं होतं. ती मला म्हणाली, "म्या पुन्हा तिथं घागर धरणार न्हाई. तू गाडी नीट ठेव, बाबा." तेव्हापासून माझा सगळा जीव त्या गाडीत अडकला.

आणि गाडी वाजायला लागली. रिकामी उतरताना बुडाखाली टक-टक. भरून चढताना वेगळाच आवाज, खोल आणि लांबलेला. आई त्याला कण्हणं म्हणायची. वस्तीला तो आवाज लई आवडायचा, कारण तो आला म्हणजे पाणी आलं. बाया एकमेकींना हाका मारायच्या, "उठा गं, गाडी कण्हायली," आणि मी वर पोचेपर्यंत घागरींची रांग लागलेली असायची. मी मात्र तो आवाज आला की वेग कमी करून बुडाखाली कान द्यायचो.

उदगीरला एक मिस्त्री होता, माझ्याच वयाचा, तोंडानं फटकळ आणि आपल्या कानाचा भारी गर्व असलेला. गाडीला हात लावायच्या आधी विचारायचा, "रोती क्या गुर्राती?" मी सांगितलं, रिकामी टकटकते, भरली की कण्हते. तो शेजारी बसला, मी रिकामी गाडी सडकेवर पळवली. टकटक आली. त्यानं जागेवर निकाल दिला, "क्रॉस गया." इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडं नेणारा एक लांब दांडा असतो, त्याच्या सांध्यातला हा तुकडा. गाडीचं बूड वर, दांडा तिरका, सांधा झिजणारच. त्यात खोटं काही नव्हतं.

"आन् कण्हणं?" मी विचारलं.

"भरके ला. ऐकतो."

इथं माझं डोकं फिरलं. भरून आणू? टाकी भरायची जागा उदगीरच्या आमच्या गावाकडच्या अंगाला, याचं गॅरेज दुसऱ्या टोकाला, आणि वर बाया उन्हात ताटकळत. त्या साली भरलेली टाकी गॅरेजात उभी करणाऱ्याला लोकांनी बदडला असता, आणि पहिली चापट मीच मारली असती. म्हणालो, तूच चल वर. तर त्याचे रोजे चालू. घशाला कोरड पडलेली असताना पाण्याच्या टाकीला पाठ लावून धक्के खात माळ चढ, असं मी तरी त्याला कुठल्या तोंडानं सांगू. "ईद होने दे, मग येतो," तो म्हणाला. "भरी गाडी है, थोडी कण्हेगीच."

क्रॉस बदलला, टकटक गेली. रिकामी गाडी इतकी मऊ चालली की मी सडकेवर एकटाच हसलो. आम्ही तिला प्रत्येक वेळी रिकामीच तपासली. भरलेली गाडी थांबवून तिचा आवाज ऐकत बसायची सोय त्या साली कुणालाच नव्हती, आणि दुखणं तर ओझ्याखालीच बोलत होतं.

ईदच्या थोडं आधी, चढाच्या मधोमध, कण्हणं एकदम थांबलं. मग बुडाखाली कडाड झालं. मागच्या आसाच्या मधल्या डब्यातल्या चक्रांचे दात तुटून एकमेकांत अडकले होते, चाकं जाम. बाया उतरून आल्या आणि टाकी तिथंच रिकामी केली. ते शेवटचं पाणी. असल्या जुन्या गाडीचं चक्र लातुरात मिळेना. गुत्तेदारानं हात वर केले. मिस्त्रीनंच हैदराबादच्या भंगार बाजारात निरोप धाडला. वस्ती ओढ्याच्या वाळूत झरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरू लागली, मग तोही सरला. एकेक घर गुपचूप खालच्या विहिरीवर जाऊ लागलं. आई गेली नाही. तिचे ओठ फुटले होते. मी उदगीरहून पाण्याचा डबा भरून नेला की ती तो शेजारच्या बाळंतिणीला देऊन टाकायची, आणि मी त्यावरून तिच्याशी भांडायचो.

ईदच्या दुसऱ्या दिवशी चक्र आलं. बसवलं, टाकी भरली आणि मिस्त्री शब्दाला जागून माझ्या शेजारी बसला. चढाला लागलो. दोघंही कान देऊन होतो. काही नाही. "चुप है," तो खूश होऊन म्हणाला. माझाही जीव भांड्यात पडला.

वर रांग नव्हती. बाजेवर एक म्हातारा बसला होता. म्हटलं, बाया कुठायत?

"खालच्या हिरीवर. तुझी माय बी गेली आज. गाडी कवा आली? आवाज तर आला न्हाई."

मी पळत खाली गेलो. विहीर दिसायच्या आधी मला पाणी ऐकू आलं. वरून पडणारं पाणी रिकाम्या घागरीत मोठ्यानं वाजतं, घागर भरत आली की आवाज बसतो. आई मान फिरवून, दोन्ही हातांनी घागर धरून उभी होती. माझ्या अंगाची आग झाली. पाणी घालणाऱ्या बाईच्या हातातला पोहरा हिसकून फेकावासा वाटला.

"गाडी आली, माय. ओतून दे ते."

"कण्हली न्हाई रे," आई म्हणाली. "कण्हली असती तर मी थांबले असते." मग तिनं घागरीत बघितलं. "आता पाणी हाय ते. ओतायचं कसं?"

तिनं घागर डोक्यावर घेतली आणि चढ चढून घरी आणली. ते पाणी आम्ही प्यालो.