आत्या मयत असल्याचा उतारा

आमच्या घरच्या पुरुषांना वंशावळ काढायची हौस आली ती आजोबा गेल्यावर. तेराव्याचं गोडाचं जेवण अजून पुरतं पचलंही नव्हतं. सातबाऱ्यावर वारस लावायचे होते आणि त्यासाठी तलाठ्याला कागदावर घराण्याचं झाड हवं होतं, वर आजोबा आणि खाली त्यांची मुलं. मी तेव्हा जुन्नरला शाळेत शिकवत होते, अक्षर बरं होतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. एरवी आमच्या घरात मुलींच्या अक्षराचं कौतुक लग्नपत्रिकांवर नावं घालण्यापुरतंच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव आंबेगाव तालुक्यातलं, पारगावच्या बाजूचं. जिथे पूर्वी मटकीसुद्धा धड येत नसे त्या रानात कालव्याचं पाणी आलं आणि कारखान्याला जाणारा ऊस उभा राहिला. पाणी आल्यापासून माझ्या थोरल्या चुलत्यांची चालही बदलली होती.

मी झाड काढलं. आजोबांखाली तीन फांद्या. सगळ्यात मोठी आत्या, नारायणगावला दिलेली. तिच्या पाठचे थोरले चुलते आणि शेवटी माझे वडील. चुलत्यांनी कागद हातात घेतला, तंबाखूचा तोबरा या गालातून त्या गालात सरकवला आणि आत्याच्या नावावर बोट ठेवलं.

"हिला काढ."

"का?"

"मयत हाय."

त्यांनी खिशातून एक उतारा काढला. गावच्या जुन्या मृत्यूच्या नोंदींतली नक्कल, घोडेगावच्या कचेरीतून आणलेली. तिच्यात आत्याचं नाव होतं, आजोबांचं नाव होतं, वय तीन वर्षं, कारण गोवर. खाली गोल शिक्का.

"मग आजोबांच्या दहाव्याला हंबरडा फोडत होती ती कोण होती?"

"ते तुला-मला ठावं हाय गं. कागदाला न्हाई ना."

असं म्हणून ते हसले. ते काळे पडलेले दात, ओठाच्या कडेला आलेला पिवळट ओघळ आणि ते हसणं. मी तो उतारा पालथा करून ठेवला. आत्या दहाव्याला येताना पिशवीभर टोमॅटो घेऊन आली होती. प्रत्येक खेपेला आणायची. उरलेल्या टोमॅटोंचं सार आईनं या बोलण्याच्या दिवशी केलं होतं, आणि बहिणीला कागदावरून उडवल्यावर चुलत्यांनी ते दोन वाट्या भुरकलं.

खरं काय ते मी वडिलांकडून काढून घेतलं. आजीला पहिली मुलगी झाली होती, ती गोवरानं गेली. पुढे दुसरी झाली, तर आजीनं ओळखलं म्हणे, की तीच परत आली. म्हणून तिला तेच नाव ठेवलं. आमच्याकडे असं करायचे. आणि ज्या लेकराला असं नाव दिलंय त्याला ते कधी सांगायचं नाही, सांगितलं की तेही जातं, अशी समजूत. त्यामुळे आत्याला याचा पत्ता नव्हता. तिच्या दोन्ही भावांना मात्र होता.

"मग सही मागा ना तिची," मी वडिलांना म्हटलं. "सगळ्या बहिणी देतात."

खरंच देतात. आमच्या भागात बाप गेला की बहिणी हक्कसोड करून देतात आणि त्या बदल्यात माहेरचं दार उघडं राहतं. दिवाळीला साडी, उन्हाळ्यात चार दिवस, मुलांच्या लग्नात मामाचा मान. हा व्यवहार मला कधीच गोड वाटला नाही, पण त्यात निदान बहीण जिवंत असते.

वडिलांनी ते चुलत्यांच्या कानावर घातलं. चुलत्यांनी दुसऱ्या दिवशी स्पष्ट सांगितलं. "सही मागायची म्हंजी हात दाखवून अवलक्षान. सही मागितली की हक हाय हे तिला कळतंय. तिची पोरं लई चालू हायत. न मागता काम व्हतंय तर मागायची कशाला?"

याच बाईनं यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. आजी रानात जायची आणि ही सहा-सात वर्षांची पोर दोन भावांची शी-शेंबूड काढायची, त्यापायी तिला शाळाही मिळाली नाही. शाळेच्या दाखल्यात नाव असतं तर कागद तरी झाला असता.

मला राहवेना. वंशावळीचा मला काडीचा सोस नव्हता, पण ही लबाडी पचत नव्हती. मग एक साधी गोष्ट लक्षात आली. आमच्या बायका बाळंतपणाला माहेरी जातात, आणि जन्माची नोंद पोर जिथे जन्मतं तिथल्या गावात होते. आजीचं माहेर आणे. ते पठारावरचं गाव जुन्नर तालुक्यात येतं. म्हणजे घोडेगावच्या कचेरीत आत्या सापडणारच नव्हती. ती असलीच तर माझ्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर असणार होती.

अर्ज केला आणि शनिवारची शाळा सुटली की जुन्नरच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसू लागले. कापडात बांधलेले गठ्ठे, त्यांवर पालीच्या अंड्यांची टरफलं, उंदरांच्या मुताचा वास. एका गठ्ठ्यात मेलेलं उंदराचं पिल्लू पानाला चिकटून वाळलं होतं. तिथला कारकून बसल्या जागेवरून खिडकीबाहेर पिंक टाकायचा, आणि ती दर वेळी बाहेर जायचीच असं नाही. घरी गेले की मी कोपरापर्यंत हात धुवायची. तरी तो वास गेला नाही असं वाटायचं.

शेवटी नोंद सापडली. आजोबांचं नाव, राहणार आमचं गाव, तालुका आंबेगाव, सासरा आणे येथील. अपत्य स्त्री. तारीख पहिल्या मुलीच्या मरणानंतरची. दोन मुली होत्या, एक गेली, एक आहे. त्या संध्याकाळी मी एकटीच खूश होते. नक्कल पदरात पडताच नारायणगावला येऊन जीप धरली आणि मांडीवर कुणाची तरी कोंबड्यांची पाटी सांभाळत गावी पोचले.

चुलत्यांनी नक्कल डोळ्यांजवळ नेली, लांब नेली.

"ह्यात नाव कुठंय?"

नाव नव्हतंच. जन्माची वर्दी कोतवाल लगेच देतो, बारसं बाराव्या दिवशी होतं. त्यामुळे त्या जुन्या नोंदींत पोर जन्मताना बिननावाचं असतं. नाव लिहिलं जातं ते मेल्यावर.

"ही तिसरीच कुणीतरी आसंल," चुलते म्हणाले. "ती बी मेली आसंल. तवा काय, पोरी मरायच्याच."

पहिल्या बैठकीत एक बहीण मारली होती, या बैठकीत या माणसानं दुसरी मारली आणि कागद घडी करून मला परत दिला. मी वडिलांकडे पाहिलं. ते पायाच्या नखातली माती काडीनं काढत बसले होते. मला चुलत्यांपेक्षा त्या काडीची जास्त किळस आली.

पुढच्या रविवारी मी नारायणगावला गेले. आत्या अंगणात टोमॅटो निवडत बसली होती, फुटके एकीकडे, बाजारात जाणारे एकीकडे. मी तिला दोन्ही उतारे वाचून दाखवले. जमिनीबद्दल ती काहीच बोलली नाही. हातातला टोमॅटो तसाच धरून तिनं विचारलं, "ती कशानं गेली?"

"गोवरानं."

"तीन वर्साची व्हती?"

"हो."

"मला कुनीच न्हाई सांगितलं गं." मग बराच वेळ ती फुटकेच टोमॅटो चांगल्यांत टाकत राहिली. शेवटी म्हणाली, "सही मागितली आसती तर उभ्या उभ्या दिली आसती, बाय. मला काय करायचाय ऊस? मला माझं माहेर पायजे."

ऊस नको, पण ती जिवंत आहे एवढं कागदावर यावं म्हणून तिच्या हरकतीचा अर्ज मी लिहिला. खाली तिनं अंगठा उमटवला.

मंडळ अधिकारी चौकशीला आले तेव्हा चावडीत अर्धा गाव जमला होता. त्या अर्ध्या गावानं आत्याच्या लग्नात पंगतीला ताव मारला होता. कुणी तोंड उघडलं नाही, कारण चुलते सोसायटीवर होते आणि प्रत्येकाचं काही ना काही त्यांच्याकडे अडकलं होतं. आत्या नवं लुगडं नेसून आली होती. भिंतीला टेकून खाली बसली.

अधिकाऱ्यांनी थोरल्या चुलत्यांना विचारलं, "या बाईंना ओळखता का?"

"ओळखतो की. नारायणगावच्या पाव्हण्या हायत."

"तुमच्या कोण लागतात?"

"आमची बहीण ल्हानपनीच वारली, सायेब. उतारा दिलाय."

मी मध्ये बोलले, जुन्नरची नक्कल पुढे केली. साहेबांनी ती वाचली, मान हलवली आणि चुलत्यांचाच प्रश्न विचारला, यात नाव कुठे आहे? मग ते वडिलांकडे वळले. "तुम्ही सांगा. ही तुमची बहीण आहे का?"

वडिलांनी आत्याकडे पाहिलं नाही. उंबऱ्याजवळ काढलेल्या चपलांकडे पाहत ते म्हणाले, "भाऊ म्हनतोय तसंच."

आयुष्यात मला माझ्या बापाची इतकी घाण कधी वाटली नव्हती. चुलते निदान लोभी होते. वडिलांना लोभही नव्हता, त्यांना फक्त भावाशी वाकडं घ्यायचं नव्हतं.

आत्या उठली. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, "लिवा सायेब, मयत. माझी हरकत न्हाई." साहेब काही बोलणार तेवढ्यात ती भावांकडे वळली. "बापाचं सुतक धरलंत, आता माझं बी धरा. दहा दिस. तेवढं तरी नीट करा."

आणि ती निघून गेली. मी तिच्या मागे धावले, तिला जीपमध्ये बसवून दिलं. नोंद मंजूर झाली, झाडावर दोनच फांद्या राहिल्या, आणि आत्यानं त्या गावात परत पाय ठेवला नाही.

जीप गेल्यावर मी घरी आले. दिवेलागणीच्या सुमारास वडील आले. चप्पल काढली, पण आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि खाली मान घालून आईला म्हणाले, "पाणी काढ. आंघूळ करायचीय."

स्मशानातून आल्यावर असंच मागतात. आईनं काही न विचारता न्हाणीतली बादली भरली आणि तांब्या आणायला माझ्याकडे पाहिलं. मी जागची हलले नाही.