पेडलवरचा पाय

विलायतेतल्या झाडून साऱ्या रॉक बँडांचा भारतातला एकमेव वारस पिंपरीच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर वॉशर पाडत होता, ही गोष्ट त्या बिचाऱ्या बँडवाल्यांना शेवटपर्यंत कळली नाही. हा वारस माझा शेजारी. घराचा नव्हे, मशीनचा. सत्तरच्या आसपासची गोष्ट. रहाटणीहून तो सायकलवर यायचा, बरोबर डबा, छत्री आणि ड्रमच्या दोन काड्या. छत्री पावसाळा संपला की घरी राहायची, काड्या बारमाही. कारखान्याच्या ऑर्केस्ट्रात तो ड्रम वाजवी, म्हणजे गणपतीत लावण्यांच्या मागे ठेका धरी, आणि चेहरा असा ठेवी की जणू राजवाड्यातल्या आचाऱ्याला कुणी कांदेपोहे करायला बसवलंय.

गिटारवाल्यांबद्दल त्याला आदर होता, ड्रमवाल्यांवर श्रद्धा. आमची सुट्टी गुरुवारी. लोक गुरुवारी दत्ताला जात, हा खडकीला जाई. तिथे एका मित्राकडे रेकॉर्ड प्लेअर होता. इंग्रजी त्याला 'स्टॉप' आणि 'डेंजर' एवढंच येई. एकदा मी विचारलं, "गाण्यांचा अर्थ तरी कळतो का रे?" तर म्हणाला, "सनईचा अर्थ कळतो का तुला? मग लग्नात जेवतोस कसा?" लाडक्या ड्रमवाल्याचं नाव मात्र तो कधी घेत नसे, जुन्या बायका नवऱ्याचं घेत नाहीत तसं. 'आमचे ते' एवढंच. रद्दीतून कापलेला त्या बँडमधल्या चौघांचा फोटो त्याने घरी भिंतीला लावला होता, आणि त्यांच्या दाढ्या-जटा पाहून त्याच्या आईने रोज उदबत्ती सुरू केली होती. मी घरी गेलो तेव्हा म्हातारीने मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या चौघांत नवसाला पावनारा कोन हाय रं?" मी मुकाट्याने ड्रमवाल्याकडे बोट दाखवलं.

आता, प्रेसला पायाखाली पेडल असतं. हाताने पत्रा सरकवायचा, पेडल दाबायचं, की वॉशर पडतो. ड्रमलाही पायाखाली पेडलच असतं. या साम्याने आमचा घात केला. एका पाळीत किती वॉशर पडले पाहिजेत हे ठरवायला कधीमधी टाइम स्टडीवाले साहेब स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभे राहत. त्या दिवशी हातपाय जड करायचे, हे शहाणपण नव्या माणसाला संडास कुठे आहे त्याच्याही आधी शिकवलं जाई. साहेब याच्यामागे उभे राहिले तो नेमका शुक्रवार. आदल्या दिवशी खडकीला त्याने नवी रेकॉर्ड ऐकली होती आणि तीत 'आमच्या त्यांनी' एकट्याने चांगली दहा मिनिटं ड्रम बडवला होता. गड्याला साहेब दिसलेच नाहीत. पाय सुटला तो सुटलाच. साहेबांनी स्टॉपवॉच बिघडलंय की काय म्हणून दोनदा कानाला लावून पाहिलं, आणि जो आकडा लिहून घेतला तो आम्हा सगळ्यांच्या बोकांडी बसला.

पुढे महिनाभर कँटीनमध्ये त्याच्या टेबलाशी कुणी बसलं नाही. मीही नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते. युनियनचे पुढारी चाकणकडचे. ते म्हणाले, "तुझ्या त्या गोऱ्याला म्हनावं, ये हितं आन् आठ तास दाब पेडल." शेवटी त्यांनी भांडून भांडून फेरमोजणी मिळवली, पण साहेबांची अट अशी, की मोजणी त्याच माणसावर होईल. तेच पुढारी मग त्याच्यापुढे हात जोडून उभे. "भाऊ, मनात आरती म्हन. पन त्यो गोरा नको."

"आरतीचा ठेका शेवटी लई पळतो," तो गंभीरपणे म्हणाला. "एक गिटारवाला हाय, रडका. त्याला घेतो."

त्या रडक्याच्या चालीवर त्याने मान खाली घालून एकेक वॉशर असा पाडला, की साहेबांना जांभया आल्या. आकडा उतरला. कँटीनमध्ये त्याच्यापुढे भज्यांच्या पाच बश्या आल्या. त्याने एकीलाही हात लावला नाही. म्हणाला, "सगळ्यांचं भलं झालं. पन आता मशीनवर त्यांच्या ठेक्याला पाय लावायचा न्हाई." आम्ही हसलो. दुसऱ्या दिवसापासून काड्या घरी राहिल्या.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी खडकीचा मित्र गेटवर याच्या हातात इंग्रजी पेपरातलं कात्रण देऊन गेला. याने ते मला वाचायला दिलं. मी वाचलं आणि म्हणालो, "तुझे ते गेले रे." त्याने कात्रणाची घडी करून खिशात ठेवली आणि मशीन सुरू केलं. थोड्या वेळाने मला त्या जुन्या शुक्रवारचा ठेका ऐकू आला. पुढारी धावत आले, त्याचा चेहरा पाहिला आणि जाऊन सुपरवायझरच्या केबिनच्या दारात बोनसवर वाद घालत उभे राहिले. जादा वॉशर आम्ही आपापल्या पेट्यांत वाटून घेतले, त्याच्या नावावर आकडा चढू नये म्हणून.

पाळी संपत आली तेव्हा तो माझ्याकडे वळला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते नाव घेतलं. आजूबाजूला बारा प्रेस चालू होत्या. मला त्याचे ओठ हललेले दिसले फक्त. नाव मी सकाळीच कात्रणात वाचलं होतं, पण त्याच्या तोंडून ते कसं निघतं, ते ऐकायचं राहूनच गेलं.