दोन नंबरची लाईन

सीताफळाच्या हंगामात आम्ही बाया घरी गेलो की कुठून ना कुठून एखादी बी निघतेच. पदरातून, चपलेतून. एकदा तर जेवताना माझ्या केसांतून थेट ताटात पडली. आमच्या युनिटचे किस्से तसलेच आहेत. कितीही झटका, एखादा चिकटून घरी येतोच!

युनिट म्हणजे वडवणीच्या बाहेर, डोंगराच्या अंगाला पत्र्याचं एक शेड. सीताफळं फोडायची, बिया काढायच्या, गर डब्यात भरून फ्रीजरला लावायचा. सगळ्या बाया एकाच लांब टेबलाभोवती. मालक राहतात संभाजीनगरला. गेल्या हंगामात त्यांनी पुण्याहून मॅनेजर आणले, हर्षद सर. पांढरे बूट, हातात लॅपटॉप, तोंडात इंग्रजी.

मी सातवी शिकलेली, पण सरांचं भ्या कधी वाटलं नाही. भ्या एकच, परीचं. परी माझी पोरगी, अडीच वर्षांची. ताप चढला की तिला झटके येतात. एकदा माझ्या मांडीवरच आले. तेव्हापासून फोन वाजला की हातातलं काम टाकून मी आधी तो बघते. परीचे पप्पा ट्रकवर, म्हणून दिवसभर ती सासूबाईंजवळ. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

तर आता सर.

*

पहिल्याच दिवशी सरांनी मीटिंग घेतली. गाडी येऊन उभी, सीताफळं उतरायची राहिलेली, आणि आम्ही गोल करून बसलेलो.

सर म्हणाले, "प्रत्येकीने सांगायचं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

सगळ्यांचं लक्ष गाडीकडे. शेवटी मथुराबाई बोलल्या. त्या आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, आणि जिभेला हाड नसलेल्या.

"हितंच बघते की सर. फकस्त त्या खिडकीपाशी. तिथं वारं लई छान लागतं."

सरांनी लॅपटॉपमध्ये काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे! पण मथुराबाई दुसऱ्या दिवशी जाऊन खिडकीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "पाच वर्षं कोण थांबतंय?"

*

मग सरांनी वेळापत्रक केलं. सोमवारी मोठी फळं, मंगळवारी मधली, बुधवारी बारकी. रविवारी सुट्टी. रंगीत प्रिंट काढून भिंतीला लावलं.

सीताफळ काय भिंत वाचतं का? शनिवारी रात्री उकडलं आणि रविवारी सगळा माल एकदम पिकला. सोमवारी शेड उघडलं तर आंबूस वास, आणि क्रेटमधून पाणी गळायलेलं.

सर नाकाला रुमाल लावून ओरडले, "ही फळं पिकली कुणाला विचारून?"

मथुराबाई म्हणाल्या, "रविवारची सुट्टी आमाला दिलती सर. त्येंला न्हवती दिली."

*

त्यानंतर आलं अंगठ्याचं मशीन. आल्यावर अंगठा लावायचा, जाताना लावायचा. आमचे हात दिवसभर गरात. बोटं भिजून पांढरी, सुरकुतलेली. मशीनला आमचा अंगठा पटायचाच नाही. आतली बाई गोड आवाजात म्हणायची, "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

एक दिवस मी अंगठा पुसून पुसून थकले. सरांनी त्यांच्या स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, "वैशालीताई, सिस्टीमप्रमाणे तुम्ही आज आलेल्याच नाहीत."

मी त्यांच्या समोर उभी!

"बरं सर," मी म्हटलं, "मग घरी जाते."

"घरी कशाला? कामाला बसा!"

"आलेच न्हाई तर बसू कशी?"

सर स्क्रीनकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे. शेवटी म्हणाले, "मी हेड ऑफिसला विचारतो." अजून विचारायलेत.

*

सूचना पेटीचा किस्सा बारका आहे. दारावरच पेटी टांगली. 'तुमचे विचार मोकळेपणाने मांडा.' पेटी उघडायचा दिवस आला, आत एकच चिठ्ठी. सरांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली.

"पेटी थोडी वर टांगा. येता-जाता सरांच्या कपाळाला लागती."

माझं अक्षर बरं आहे म्हणून मीच लिहिली होती. सरांनी कपाळ चोळलं, पण पेटी काही हलवली नाही. मालकांनीच तिथं लावायला सांगितली होती म्हणे.

*

सरांच्या पांढऱ्या बुटांना गर लागायचा. म्हणून त्यांनी केबिनमध्ये माईक बसवला आणि शेडमध्ये स्पीकर. आता आतूनच ऑर्डर!

"एक नंबर लाईन, हात चालवा! दोन नंबर लाईन, बोलणं बंद!"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. टेबल एकच. लाईन एकच.

मथुराबाईंनी केबिनच्या दारात जाऊन विचारलं, "सर, ती दोन नंबरची लाईन कुठंशी हाय? आमाला बी धाडा तिकडं. हितला पंखा बंद हाय."

सर म्हणाले, "प्लॅनमध्ये आहे. पुढच्या फेजला येईल."

आणखी एक गंमत. माईकचं बटण बंद करायला सर विसरायचे. त्यांचा चहाचा फुरका, त्यांनी आईला फोनवर सांगितलेलं खोटं, "हो, जेवलो," सगळं शेडभर ऐकू यायचं. आम्ही कुणीच त्यांना सांगितलं नाही. पंखा नव्हता, निदान करमणूक तरी!

*

मग आली फोनबंदी. सकाळी आल्या-आल्या सगळ्यांचे फोन एका लोखंडी पेटीत. पेटीला कुलूप. पेटी सरांच्या टेबलाखाली, किल्ली सरांच्या खिशात.

पहिल्याच दिवशी माझा फोन वाजला. स्पीकरवरून मी रिंग ओळखली. तशीच गराच्या हातांनी केबिनमध्ये गेले.

"काम झाल्यावर बघा," सर म्हणाले.

"सर, माझ्या पोरीला तापात झटके येतात. नोकरी मला पाहिजे, नियम तुमचा हाय. मी न्हाई उचलत. पण मग तुमी उचला. वाजता फोन मी सोडणार न्हाई."

सरांनी खिशातून किल्ली काढली. मग पेटी उघडली.

मी टेबलाशी परत आले तोवर स्पीकर चालू.

"हॅलो, मी मॅनेजर बोलतोय... नाही बाळा, मी आई नाही... कुठे आहे काऊ?... अच्छा. उडाला का?"

शेडमध्ये एकीचाही हात चालत नव्हता. तोंडात पदर कोंबून सगळ्या लाल.

थोड्या वेळानं सर स्पीकरवरून कडक आवाजात म्हणाले, "वैशालीताई, तुमच्या घरून फोन होता. ताप नाही. कामाकडे लक्ष द्या!"

*

आणि मग मालक आले.

त्या दिवशी सकाळी परीचं अंग कोमट लागत होतं. औषध पाजून, आत्याबाईंना पन्नासदा बजावून मी निघाले होते. खरं तर जायलाच नको होतं. पण मालक येणार, एकीनंही खाडा करायचा नाही, अशी ऑर्डर होती. त्या पहिल्या दिवसापासून माझा घरचा फोन सरच उचलायचे, म्हणून फोन पेटीत टाकताना मी त्यांना एवढंच म्हणाले, "आज पोरीचं अंग गरम हाय." सर टाय नीट करत होते.

मालक केबिनमध्ये बसले. सरांनी लॅपटॉप उघडला. माईकचं बटण नेहमीसारखंच चालू.

"सर, मी आल्यापासून सगळ्यात मोठा बदल म्हणजे शिस्त," आमचे सर सांगायला लागले. "कामाच्या वेळेत फोन शंभर टक्के बंद. कुणाचाही असो. नो एक्सेप्शन."

"शाब्बास," मालक म्हणाले.

आणि पेटीत फोन वाजला.

माझा हात गरात तसाच राहिला. मथुराबाईंनी खालून माझं मनगट धरलं. स्पीकरवरून रिंग सगळ्या शेडमध्ये घुमत होती. वाजली, थांबली, परत वाजली.

"वाजू द्या हो," मालकांचा आवाज. "पुढं दाखवा."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग किल्लीचा.

"हॅलो. हां, आत्याबाई, बोला... किती हाय आता?... घाम आला? मग उतरायलाय. पट्ट्या चालू ठेवा... डॉक्टरकडं न्यायचं तर माझी गाडी हाय हितं... नको? नक्की?... बरं, परीला द्या... काय गं, पेज पिली का?"

मालक मोठ्यानं म्हणाले, "अहो, हे काय चाललंय?"

स्पीकर एकदा खरखरला.

"दोन नंबर लाईन! ताप उतरला हाय. हात चालू द्या!"