पाहुणे आले आणि पेशंट बरे झाले

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे मधे हसलात तर माझी लिंक तुटते. आणि चहा घ्या, गार होतोय. माझी एक फजिती अशी आहे, की ती जर्मनीत ठाऊक आहे, जपानात ठाऊक आहे, फक्त महाडात मी आजवर दाबून ठेवली होती!

माझा दवाखाना तर तुम्ही पाहिलाच आहे. माझे निम्मे पेशंट असे, की रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि दुखणं मात्र अगदी खरं. पोलादपूरकडच्या डोंगरातल्या वाड्यांवरून बायका येतात. कुणाची छाती धडधडते, कुणाच्या पोटात आग, कुणाला घास गिळवत नाही. नवरा मुंबईला, मुलगे मुंबईला, घरात ही आणि म्हैस. मनावरचा भार शरीरावर निघतो, दुसरं काय! यालाच आम्ही डॉक्टर मंडळी मनोकायिक आजार म्हणतो, आणि या विषयातली मी तज्ज्ञ. म्हणजे, तोवर तरी होते.

तर या विषयातल्या देशोदेशीच्या डॉक्टरांनी मिळून एक गट करायचा, एकमेकांचे पेशंट पाहायचे, एकमेकांकडून शिकायचं, असं चाललं होतं. ऑनलाइन बैठकांत सगळे मोठमोठ्या शहरांतले, आणि त्यांच्यात मी, पाठीमागे सलाइनचा स्टँड! पण गप्प बसेन तर मी कसली? बोलत राहिले, भांडत राहिले. शेवटी ते म्हणाले, "आमचे दोघे येऊन तुमचं काम बघतील. मग महाडला गटात घ्यायचं की नाही ते ठरवू. तारीख तुम्ही सांगा."

कळलं ना? सगळं त्या एका भेटीवर! आणि मी तारीख कोणती दिली? शिमग्याची! का? तर दरवर्षी शिमग्यात माझा दवाखाना ओस पडतो. चिटपाखरू फिरकत नाही. म्हटलं, पाहुण्यांकडे निवांत लक्ष देता येईल.

आमचे हे कॉलेजात शिकवतात. ते म्हणाले, "शुभा, शिमग्यात दवाखाना ओस का पडतो, याचा कधी विचार केलायस?"

"लोक सणात असतात, म्हणून! तुम्ही नका माझ्या विषयात पडू."

ऐकलंत? माझ्या विषयात!

पाहुणे आले. जर्मनीच्या हेल्गाबाई आणि जपानचे केन्जीसाहेब. दोघांना गाडीत घालून मी वाडीकडे निघाले, तर हायवेवर मुंबईच्या गाड्यांची ही रांग! टपावर बोजे, खिडक्यांतून पोरं बाहेर.

हेल्गाबाईंनी विचारलं, "एवढी माणसं कुठे चाललीत?"

"घरी," मी म्हटलं आणि चिडून हॉर्न दाबला. आता इतकं डोळ्यांसमोर होतं, पण बाईसाहेबांच्या डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ!

वाटेत मी त्यांना सुभद्राबाईची केस रंगवून सांगितली. माझी हुकमी पेशंट! वर्षभर छातीत धडधड, हात थरथर, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि ईसीजी एकदम स्वच्छ. केन्जीसाहेब भराभर लिहून घेत होते.

वाडीत पोहोचलो तर खालूबाजा दणाणतोय, गावदेवीची पालखी नाचतेय, आणि सुभद्राबाई? डोक्यात अबोलीचा गजरा माळून पुरणपोळ्या लाटतेय! शेजारी नवरा, दारात मुलगा संतोष. हा मुंबईला हॉटेलात रिसेप्शनवर असतो. दोघंही कालच आलेले.

"सुभद्राबाई, धडधड कशी आहे?"

"कसली धडधड बाई? ठणठणीत हाय मी! बसा, पोली खावा."

"अहो, परवा तर उठवत नव्हतं तुम्हाला!"

"त्या परवा. आता काय नाय."

बाजूच्या पारूबाईकडे वळले, जिला घास गिळवत नाही ती. तिच्या तोंडात इतकी मोठी पोळी होती की तिला बोलताच येईना! तिसरीचं पोट विचारलं, तर ती पालखीपुढे नाचायला गेलेली.

मी सुभद्राबाईच्या कानाशी लागले. "अहो, थोडं तरी होत असेल ना? नीट आठवा हो!" डॉक्टरीणबाई पेशंटपुढे हात जोडून 'जरा तरी दुखू द्या' म्हणतेय, असं पाहिलंय कुठे?

हेल्गाबाईंनी विचारलं, "काय म्हणतात त्या?"

आणि इथे माझी जीभ घसरली. मी इंग्रजीत ठोकून दिलं, "म्हणतात, सकाळपासून छाती खूप धडधडतेय."

दारातून आवाज आला, "एक्स्क्यूज मी मॅडम! मदर इज अ‍ॅब्सोल्यूटली फाइन!"

संतोष! हॉटेलातलं चोख इंग्रजी! वर आईला विचारतो, "आये, तुला काय होतंय काय?"

"नाय रे बाबा!"

झालं! केन्जीसाहेबांचं पेन थांबलं. हेल्गाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. धरणीमाते, पोटात घे, असं म्हणायला तोंड उघडलं आणि... उच्च!

उचकी. साधीसुधी नाही, अंगणातल्या कोंबड्या दचकतील अशी. पाणी प्याले, साखर खाल्ली, श्वास कोंडला. उच्च!

"कोन आठवन काढतंय गो बाईंची?" सुभद्राबाई ओरडली. झालं, बायका नावं घ्यायला लागल्या. नवऱ्याचं घेतलं, आईचं, पुण्याच्या बहिणीचं. ज्याच्या नावाला उचकी थांबेल तो आठवण काढतोय. संतोष इमानेइतबारे सगळं इंग्रजीत सांगतोय, आणि केन्जीसाहेबांचं पेन पुन्हा सुरू!

हेल्गाबाईंनी माझा हात हातात घेतला. हळूच विचारलं, "आत्ता कशाची भीती वाटतेय?"

रोज पेशंटला मी विचारते तो प्रश्न! आणि मी काय उत्तर द्यावं? "कशाची नाही हो, अ‍ॅसिडिटी आहे... उच्च!" माझा प्रत्येक पेशंट अगदी हेच म्हणतो. मग मात्र बांध फुटला. "तुम्ही महाडला गटात घेणार नाही याची! मी खोटं बोलले, माफ करा. परवापर्यंत या बायका खरंच आजारी होत्या हो!" डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

हेल्गाबाईंनी संतोषमार्फत सुभद्राबाईला विचारलं, "तुमची माणसं याआधी कधी आली होती?"

"गनपतीला."

"आणि परत गेली की?"

सुभद्राबाईचं लाटणं थांबलं. "गेली का मग हायेच की धडधड. मग आमच्या डॉक्टरीणबाई हायत."

संतोषने तेही इंग्रजीत सांगितलं. मग केन्जीसाहेब म्हणाले, "आमच्याकडच्या डोंगरातही हेच. मुलं शहरात, आया घरात. धडधडही हीच."

आणि हेल्गाबाई म्हणाल्या, "माणसं घरी आली की दुखणं जातं, हे आम्ही नुसतं वाचलं होतं. तुम्ही आम्हाला नेमक्या दिवशी आणलंत. महाड गटात पक्कं!"

उचकी बंद! एकदम बंद!

"बघा! हीच बाय आठवन काढत व्हती," सुभद्राबाईने हेल्गाबाईंकडे बोट दाखवलं.

मग काय विचारता! केन्जीसाहेब पालखीपुढे असे नाचले की खालूबाजावाले दमले. हेल्गाबाईंनी स्वतः पोळी लाटली, आकार जर्मनीच्या नकाशासारखा. आता आमचं काम जोरात चाललंय. इथल्या बायकांसाठी केलेला उपाय जपानच्या डोंगरात वापरतात, तिकडचा आम्ही इथे. महाडचा दवाखाना, सांगा आता!

फक्त एक आहे. गटाने मिळून अभ्यासलेली पहिली केस सुभद्राबाईची नाही. ती माझी आहे. आमचे हे म्हणाले, "अभिनंदन शुभा! डॉक्टरही तूच, पेशंटही तूच."

आणि ते केन्जीसाहेब! दर बैठकीत स्क्रीनवर आले की नमस्काराच्या आधी चक्क मराठीत विचारतात, "उचकी?"

विचारलं रे विचारलं, की मला लागते!