नवनीतभाऊ आणि गुलछडी डॉट इन

नवनीतभाऊच्या केळीत शिरलं की पाण्याच्या मोटारीच्या घरघरीतून क्लॅरिनेट ऐकू येतं. मोटारीच्या खोलीत खुंटीला मोबाइल टांगलेला असतो आणि त्यात गुलछडी बँड वाजत असतो. सेहेचाळीस वर्षांचा हा माणूस, बारावी नापास, अंगाने उंच, बोलायला हळू. आमच्या तापीकाठच्या गुजरांच्या गावात कुणी घोड्यांचा नाद केला, कुणी निवडणुकीचा. नवनीतने एका बँडचा केला. त्या नादापायी त्याला जे सोसावं लागलं ते सांगायलाच हवं, कारण ज्या कागदांत ते लिहिलंय त्यांत तो मला कुठेच ओळखू आला नाही.

गुलछडी बँड धानोऱ्याचा. आमच्याकडे कुणाच्या बँडमागे किती मोटरसायकली गावोगाव फिरतात, त्यावर बँडची पत ठरते. गुलछडीच्या मागे सगळ्यात पुढे नवनीतची मोटरसायकल. आमंत्रण नसतानाही तो लग्नाला जायचा. मांडवात कुणी विचारायचं, "कोनाकडतून उना भाऊ, नवरदेवकडतून का नवरीकडतून?"

"क्लॅरिनेटकडतून," तो म्हणायचा, आणि लोक त्याला पंगतीला बसवायचे.

क्लॅरिनेट जगदीश मास्तरांचं. मास्तर वाजवू लागले की वरात पारापाशी थांबायची ती मुहूर्त टळला तरी हलायची नाही. दोन हजार तेरा साली नवनीत तीन महिने लोणखेड्याला कॉम्प्युटरच्या क्लासला गेला. पोरांच्या बाकावर गुडघे आखडून बसायचा. शिकून झाल्यावर तो मास्तरांकडे गेला आणि म्हणाला, तुमच्या बँडचं इंटरनेटवर पान काढतो, गुलछडी डॉट इन नावाने, चालेल का?

मास्तरांनी बिडी विझवली. "टाक तू. मन्हं वाजाडेल कोठे तरी सापडी."

कागद झाला नाही. मास्तरांकडे कागद मागायचा म्हणजे त्यांच्या शब्दावर शंका घ्यायची, आणि तसं आमच्यात कुणी करत नाही. नाव नवनीतच्या नावावर नोंदलं गेलं.

पुढे अकरा वर्षं प्रत्येक लग्नाची तारीख, गावाचं नाव, कोणती चाल वाजली, कुणी वाजवली, हे सगळं त्या पानावर चढत गेलं. सोबत आवाज. जाहिरात एक नाही. पानाच्या तळाशी लिहिलेलं: 'हे एका चाहत्याचं पान आहे. सुपारी द्यायची असेल तर मास्तरांच्या घरी फोन करा.' सुरतेच्या कापडगिरण्यांत गेलेली आमची पोरं जेवणाच्या सुट्टीत ते पान उघडायची. तोरणमाळच्या रूपसिंगने ऊसतोडीला गेलेल्या आपल्या भावाला त्याच पानावरून बहिणीच्या लग्नातलं वाजवणं ऐकवलं होतं. मास्तर वारले तेव्हा लोकांनी श्रद्धांजली लिहिली तीही तिथेच.

मास्तरांनंतर बँड मुलाकडे, धीरजकडे आला. दोन हजार एकवीस साली परगावच्या एका कंपनीने त्याच्याकडून गुलछडी हे नाव घेतलं आणि आपल्या नावे ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. धीरजचा बँड आता त्यांचा, वाजवणारे तेच, गणवेश नवा. नवनीतला याचं वाईट वाटलं, पण आपल्या पानाचा याच्याशी काही संबंध असेल असं त्याच्या मनात आलं नाही.

मग दोन-तीन वर्षांनी एका सकाळी, केळीचे घड उतरवणं चालू असताना, फोन आला. कंपनीच्या वकिलांच्या कचेरीतून एक मुलगी बोलत होती. गोड बोलत होती. गुलछडी डॉट इन हे डोमेन आपल्याकडे आहे ना, ते कंपनीला द्यायला आपली काय अपेक्षा आहे, सर?

आता इथे जरा थांबायला हवं. नवनीतचे वडील रूपचंद आप्पा सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजारात तीस वर्षं घोडी नेत होते. विकायला नाही, मिरवायला. कुणी घोडीच्या पाठीवर हात ठेवून भाव विचारला तर 'विकायची नाही' असं आप्पा कधी म्हणाले नाहीत. जनावराच्या देखत नाही म्हटलं तर ते जनावर वर्ष काढत नाही, ही त्यांची समजूत. शिवाय विचारणाऱ्याचा मान जातो. म्हणून आप्पा आभाळाएवढा भाव सांगायचे. विचारणारा हसायचा, घोडीला थोपटायचा, चहा पिऊन पुढे जायचा. नकार पोचलेला असायचा आणि कुणाचं मन दुखलेलं नसायचं. नवनीत त्या घोडीच्या लगामाशी लहानाचा मोठा झाला.

तो त्या मुलीला म्हणाला, "एक कोटी एक रुपया." आणि हसला.

ती हसली नाही. "हे ईमेलवर लिहून पाठवाल का, सर?"

नवनीतने त्याच दुपारी लिहून पाठवलं. संध्याकाळी बायकोला, भूमिकाला, म्हणाला, "चांगला घरनी पोर दिसनी. एक शब्दमा समजी गई."

तीन महिन्यांनी जाडजूड पाकीट आलं. कंपनीने तक्रार केली होती. अशा नावांच्या भांडणासाठी दिल्लीत एक लवाद नेमला गेला होता. आणि तक्रारीसोबत नवनीतचा तो ईमेल पुरावा म्हणून जोडला होता. पाकीट घेऊन तो शहाद्याला वकिलाकडे गेला. वकील जन्मभर शेताच्या वाटण्या करणारे, पण त्यांनी सगळं वाचलं.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"कशासाठी?"

"देनं नव्हतं म्हणीसन."

वकिलांनी चष्मा काढला. "नवनीतभाऊ, दुसऱ्याचं नाव अडवून ठेवायचं आणि खर्चाच्या कैकपट पैसे मागायचे, याला कायद्यात लबाडी धरतात. द्यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं."

"मी नाहीच म्हनं."

"नकाराला आकडा असतो का हो?"

"आम्हना घरमा राहस," नवनीत म्हणाला.

एक वाट उरली होती. मास्तरांनी होकार दिला होता एवढं धीरजने लिहून दिलं तर तोल फिरला असता. नवनीत धानोऱ्याला गेला. धीरज पत्र्याच्या शेडमध्ये पितळी वाद्यं पुसत बसला होता.

"एक ओळ लिखी दे, धीरज. तुन्हा बापनी माले सांगेल व्हतं, इतलंच."

धीरज पुसतच राहिला. "भाऊ, गुलछडी मन्हापेक्षा तुन्ही जास्त शे, हाई माले माहित शे. पन कागदवर सही मन्ही शे. मी तुन्हा बाजूनी लिखं तर उद्या बारा वाजंत्री घर बसतीन."

"मंग बापना शब्दनं काय?"

"शब्द तुले दिधा ना त्यानी. तू सांभाळ." मग धीरज हसला, ते हसणं नवनीतला लागलं. "आनि एक कोटी मांगात तू. माले तर त्यासनी गणवेश दिधा."

"सारंगखेडा तुन्हा घरपासून कितला दूर शे? तुले बी समजस नही का त्या आकडाना अर्थ?"

"माले समजस. त्यासले समजत नही, आनि कागद त्यासना शे."

नवनीत चहा न घेता निघाला. त्याच्या आयुष्यात धानोऱ्याहून तो असा पहिल्यांदाच निघाला.

शेवटी आप्पांचा जबाब घ्यायचं ठरलं. एक्याऐंशी वर्षांचे आप्पा खाटेवर बसून पाऊण तास सांगत होते: कोणत्या साली कोणती घोडी, कोणत्या पाटलाने विचारलं, काय भाव सांगितला, तो कसा हसला. वकिलांनी ते इंग्रजीत केलं. नवनीतने कागद हातात घेतला तर त्यात तीनच ओळी. त्याने तो उलटून पाहिला. मागे कोरा होता.

"बाकीनं कोठे गयं?"

"बाकीचं मुद्द्याचं नाही," वकील म्हणाले.

निकाल श्रावणात आला. वकिलांनी फोनवर वाचून, अर्थ सांगत सांगत ऐकवला. नाव ट्रेडमार्कशी जुळतं. बँडच्या मालकाची लेखी परवानगी नाही. आणि प्रतिवादीने सांगितलेली प्रथा रंजक असली तरी तिने मागितलेल्या रकमेचं समर्थन होत नाही. डोमेन कंपनीला द्यावं.

"रंजक म्हणजे?" नवनीतने विचारलं.

"म्हणजे ऐकायला मजा आली."

नवनीतने फोन ठेवला. खोटारडा म्हटलं असतं तर तो भांडला असता. मजा आली म्हटल्यावर माणसाने काय करायचं?

आवाज सगळे त्याच्या कॉम्प्युटरवर आहेत, ते कुणी नेले नाहीत. भूमिका म्हणाली, "दुसरं नाव ल्या आनि त्यावर टाका. कोन अडावस?"

"सुरतमधलं पोरगं गुलछडी लिखस तवय उघडस वं ते. दुसरं नाव त्याले कोन सांगी?"

ती म्हणाली, "तुम्ही सांगा. तुम्हले दुसरं काम काय शे आते?" तो उठून मळ्यात गेला.

पितृपक्षात पान कंपनीकडे गेलं. आता गुलछडी डॉट इन उघडलं की झगमगीत गणवेशातली माणसं दिसतात, आणि खाली बुकिंगचा रकाना. अकरा वर्षांतलं एकही लग्न तिथे नाही. एका कोपऱ्यात जगदीश मास्तरांचा फोटो आहे. तो नवनीतनेच काढलेला, त्याच्याच पानावरून उचललेला. फोटोखाली नाव नाही. 'आमचे एक कलाकार' एवढंच. वर मोठ्या अक्षरांत: '२०२१ पासून आपल्या सेवेत.'

गावातली पोरं म्हणतात, फोटो तुझा आहे, तू त्यांच्यावर केस टाक. नवनीत मान हलवतो. त्याला फोटो परत नको आहे. दर सोमवारी तो कंपनीला ईमेल लिहितो, वहीत आधी कच्चं लिहून मग टाइप करतो. महोदय, गुलछडी बँड एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालचा आहे. फोटोतले गृहस्थ जगदीश मास्तर, बँडचे संस्थापक, यांचं नाव कृपया खाली द्यावं. मिनिटभरात उत्तर येतं: आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद, आमचा प्रतिनिधी दोन दिवसांत आपल्याशी संपर्क साधेल.

परवा मी त्याच्याकडे गेलो तेव्हा सोमवारच होता. भूमिकाने चहा ठेवला आणि विचारलं, "हाऊ कितलावा?"

"एकोणीसावा," नवनीत म्हणाला, आणि 'महोदय' टाइप करू लागला.